उभ्या फियाटला पुन्हा रस्त्यावर आणताना

हसनाबादसारख्या भोकरदन तालुक्यातील गावात, एखाद्या वाड्याच्या मागील अंगणात, बंद पडलेल्या दवाखान्याच्या पत्र्याखाली किंवा कापसाच्या कोठाराच्या कोपऱ्यात, ताडपत्रीने अर्धवट झाकलेली जुनी फियाट अजूनही क्वचित दृष्टीस पडते; आणि वडिलांनी किंवा आजोबांनी हौसेने घेतलेल्या त्या गाडीविषयी घरातील माणसांची अशी समजूत असते की, ती ठणठणीत असताना उभी केली असल्यामुळे, बॅटरी घातली आणि चार लिटर पेट्रोल ओतले की ती पुन्हा पूर्ववत धावू लागेल. ही समजूत मोटारीच्या प्रकृतीविषयीच्या अज्ञानातून उद्भवलेली आहे. चालत्या गाडीची झीज सावकाश, ठरलेल्या ठिकाणी आणि आवाज करीत होते, म्हणून ती वेळीच कळते. उभ्या गाडीचा ऱ्हास मात्र ब्रेकच्या सिलिंडरात, रेडिएटरच्या नळ्यांत, पेट्रोलच्या टाकीत आणि पायाखालच्या पत्र्यात गुपचूप चालू असतो व तो पहिल्या प्रवासातच, बहुधा गैरसोयीच्या ठिकाणी, प्रकट होतो. अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणू इच्छिणाऱ्या आणि आणल्यावर ती टिकवू इच्छिणाऱ्या मालकांसाठी पुढील मजकूर आहे.

प्रथम या गाडीची कुळकथा थोडक्यात सांगणे इष्ट, कारण दुरुस्तीचा मार्ग तिच्या घडणीतूनच निघतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला, आणि अमेरिकन गाड्यांच्या जुळणीपासून आरंभ करून कंपनी इटलीच्या फियाटकडे वळली. १९५३ साली इटलीत अवतरलेली नवी ११०० पुढे कुर्ल्यालाही तयार होऊ लागली. तिचे गोल, फुगीर नाकाचे आरंभीचे रूप मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' या नावाने अजरामर केले. १९६४ साली चौकोनी ठेवणीची 'डिलाइट' आली, तीच काही काळ 'प्रेसिडेंट' म्हणून विकली गेली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात ही गाडी दारात उभी राहणे ही प्रतिष्ठेची बाब होती. मुंबईच्या रस्त्यावरील तिची अखेरची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती व वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती काळी-पिवळी परंपरा समाप्त झाली.

अंगाने लहान, वजनाने हलकी, १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पुढे बसविलेले इंजिन, मागील चाकांना चालना, पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे, अशी तिची रचना आहे. शक्ती सुमारे चाळीस अश्वांची, म्हणजे आजच्या मानाने अगदी बेताची; तथापि हलके स्टेअरिंग आणि वळणावरचा चपळपणा यांमुळे त्या काळच्या मुरब्बी चालकांना ती पळवण्याची गाडी वाटे, आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत हौशी मंडळी याच फियाटी सुधारून उतरवीत. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हिचा कोणताही भाग सामान्य पान्यांनी उघडता येतो व हातावर घेऊन पाहता येतो. संगणकीय यंत्रे जोडल्यावाचून ज्या गाडीचा दोष कळत नाही, त्या गाडीपेक्षा खेड्यातील मालकाला ही अधिक सोयीची आहे. मात्र ती सोय पदरात पाडून घ्यायची तर कामाचा क्रम पाळला पाहिजे, आणि बहुतेक मालक नेमका तोच उलटा लावतात. ते आधी रंग लावतात, मग सीटांची कव्हरे शिवतात, आणि सर्वांत शेवटी ब्रेककडे पाहतात.

पान्याला हात घालण्यापूर्वी दप्तर तपासावे. नोंदणीचे पुस्तक घरात आहे काय, त्यावरील इंजिन व चेसिसचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात काय, आणि मालक म्हणून कोणाचे नाव आहे, याची खातरजमा झाल्याशिवाय खर्चाला मंजुरी देऊ नये. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी नमुना २५ चा अर्ज, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि आपल्या राज्यात पर्यावरण कर असा रीतसर शिरस्ता आहे. नोंदणीकृत मालक वारले असतील तर वारसाच्या नावे हस्तांतरणाचा नमुना ३१ आधी भरावा. जालन्याच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे ज्याच्या पाट्यांवर एमएच-२१ असते तेथे, गाडी तपासणीस नेण्यापूर्वी चेसिसवरील क्रमांक तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्याची पेन्सिलछाप स्वतः घेऊन पाहावी, कारण गंजाने एक आकडा पुसट झाला तरी अर्ज अडून राहतो व मग तगादे आणि हेलपाटे यांना अंत नसतो. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक मार्ग मोकळा आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊन तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे. परंतु त्या नोंदीने नित्याच्या वापरावर मर्यादा येते, म्हणून ज्याला राजूरच्या गणपतीला किंवा बाजाराला याच गाडीने जायचे आहे, त्याने साधे नूतनीकरणच पत्करावे असे माझे मत आहे.

आता इंजिन. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून एकदम सेल्फ मारणे हा अविचार होय. सिलिंडरांच्या भिंतींवरील तेल केव्हाच ओघळून गेलेले असते, रिंगा गंजाने चिकटलेल्या असण्याचा संभव असतो, आणि जबरदस्तीने फिरवले तर त्या तुटतात किंवा भिंतींवर ओरखडे उठतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून चमचाभर पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस तसेच राहू द्यावे, आणि मग गाडी वरच्या गिअरमध्ये घालून हाताने हलकेच मागेपुढे ढकलावी. चाकांबरोबर इंजिन फिरू लागले की निम्मी चिंता मिटली. न फिरल्यास पुन्हा तेल आणि पुन्हा प्रतीक्षा. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याचा मोह मात्र निश्चयपूर्वक टाळावा. इंजिन मोकळे झाल्यावर जुने ऑइल काढून टाकावे. ते दुधी निघाले तर पाणी आत उतरले आहे, म्हणजे हेडचे गास्केट अथवा हेड स्वतःच दोषी आहे, हे उघड समजावे. नवे ऑइल व फिल्टर घालून, प्लग बाहेरच ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फने इंजिन फिरवावे. पंपाने तेल बेअरिंगांपर्यंत पोचविल्यानंतरच ठिणगी आणि पेट्रोल यांचा विचार करावा. ऑइल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० या जातीचे साधेच असावे. आजच्या गाड्यांचे महागडे पातळ सिंथेटिक या जुन्या सीलांतून गळते. गिअरबॉक्सचे तेल घेताना डब्यावरील प्रत पाहावी, कारण जीएल-५ प्रतीच्या काही तेलांतील द्रव्ये पितळी सिंक्रो-रिंगांना मानवत नाहीत. तेथे जीएल-४ बरे.

एअर क्लिनर उघडताना अंगणातल्या जीवसृष्टीची आठवण ठेवावी. उंदरांनी त्यात कापसाची गादी केलेली असते, वायरींचे कातडे कुरतडलेले असते, आणि कुंभारीण माशीने पेट्रोल टाकीच्या श्वासनळीत किंवा सायलेन्सरच्या तोंडात मातीचे घरटे थापलेले असते. टाकीची श्वासनळी बंद असली की गाडी सुरू होते, थोडी चालते आणि मग कोणतेही सबळ कारण न देता बंद पडते. पंप, कार्ब्युरेटर आणि कॉइल बदलून थकलेला मिस्त्री ज्या क्षणी टाकीचे झाकण उघडतो त्या क्षणी आत हवा शिरल्याचा फुसकन आवाज येतो आणि सारे रहस्य उलगडते. सायकलच्या तारेचा एक तुकडा ही यावरची पुरेशी तजवीज आहे.

परंतु इंजिन सुरू झाले म्हणून गाडी अंगणाबाहेर काढण्याची मुभा मिळत नाही. ती मुभा ब्रेक देतात. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत व त्यांना चालवणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा सतत शोषून घेत असते. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की तेच पाणी चाकांच्या सिलिंडरांत खाली साचते, आतला गुळगुळीत बोअर खड्ड्या-खड्ड्यांचा होतो, आणि रबरी वायसर एक तर अडकून बसतात किंवा तेल बाहेर सोडू लागतात. म्हणून चारही ड्रम उघडणे अनिवार्य आहे. उघडताना आतली धूळ हवेच्या पाइपाने किंवा फुंकरीने उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांत गेलेली कधी बाहेर येत नाही. फडके ओले करून पुसावे आणि ते फडके टाकून द्यावे. सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढून बोअरमध्ये करंगळी फिरवावी: जेथे नख अडकते तेथे नवे वायसर टिकणार नाहीत, आणि अशा वेळी किट बदलून भागवणे म्हणजे एका महिन्याची मुदत विकत घेणे होय. सिलिंडर नवा बसवावा, किंवा नवा न मिळाल्यास जाणत्या टर्नरकडून त्यात पितळी अथवा स्टेनलेस स्टीलचा बूश ठोकून मूळ मापावर आणून घ्यावा. जालन्यात पोलादाच्या रोलिंग मिलांमुळे लेथवर काम करणाऱ्यांची परंपरा आहे, तिचा लाभ हसनाबादच्या मालकाने अवश्य घ्यावा.

या श्रेणीच्या जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरापासून चारही चाकांना जाणारे मंडल एकच असते, म्हणून एक रबरी होज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात आणि पायाखाली पोकळी लागते. बाहेरून शाबूत दिसणारा होज आतून सुजून बंद झालेला असू शकतो, मग पाय काढल्यावरही चाक मोकळे होत नाही. हे ध्यानात घेऊन होज सरसकट बदलावेत, त्यात काटकसर नको. नव्या तेलाने हवा काढताना मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा व जवळच्या चाकाशी संपवावे. तेल डब्यावर डॉट-३ लिहिलेलेच हवे आणि दर दोन वर्षांनी ते बदलावे. एकाने सांगितले म्हणून हायड्रॉलिक किंवा इंजिनचे तेल घातले तर आतील सर्व रबर फुगून संपूर्ण संच बाद होतो. हँडब्रेकची केबल ग्रीस करून ओढून पाहावी, कारण पायाचा ब्रेक गेल्यास तोच एकमेव आधार.

पाण्याचा विषय आपल्या भागात सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. हे दोन धातू क्षारयुक्त पाण्याने जोडले गेले की ॲल्युमिनियम हळूहळू झिजत जाते, आणि आपल्या बोअरवेलचे पाणी म्हणजे क्षारांचा साठाच. त्याचे पांढरे कीटण प्रथम रेडिएटरच्या खालच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या मागच्या कोपऱ्यात बसते. मे महिन्यात उष्मा ४२ अंशांच्या आसपास गेला, अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गर्दीत गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगू लागली, की काटा तांबड्याकडे झुकतो आणि मालक पंख्याला दोष देतो. थंड इंजिनाचा ड्रेन उघडून उलट दिशेने, म्हणजे खालून वर, पाणी सोडून ब्लॉक धुवावा. रेडिएटर मात्र खोलून 'रॉडिंग' करून घेतला तरच नळ्या खरोखर मोकळ्या होतात. त्यानंतर शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट भरावे. आपल्याकडे कुठे बर्फ पडते, असा युक्तिवाद करून मिस्त्री लोक कूलंट नाकारतात, परंतु त्यातील गंजरोधक द्रव्यासाठीच ते मराठवाड्यात घालायचे आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची प्रथा आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तो मुळात बसवलेला असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. त्याच्यावाचून हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, ऑइलमध्ये ओल साठून काळा गाळ होतो, आणि झीज वाढते. नवा बसवण्यापूर्वी तो दोऱ्याने तापत्या पाण्याच्या पातेल्यात टांगून उघडतो की नाही ते स्वयंपाकघरातच पाहता येते; घरच्या मंडळींची परवानगी मात्र आधी घ्यावी. गाडी एकदा खरोखर उकळली असेल तर हेड वाकल्याचा संशय धरावा. हेड काढून सपाट पट्टीखाली तपासावे, आवश्यक तेवढेच फेसिंग करावे, आणि बसवताना नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूंकडे, एकेक करून दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. 'हाताचा अंदाज' असणारे मिस्त्री पूर्वी होते हे मान्य. तरीही टॉर्क पाना मागवावा.

पेट्रोलची कथा गेल्या काही वर्षांत बदलली आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले तेव्हा जुन्या गाड्यांच्या व्हॉल्व्हसीटांची चिंता होती. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट वेगळ्या ठोकलेल्या असल्याने फियाटमालकांना तिचा फारसा जाच झाला नाही. आताची चिंता इथेनॉलची आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले व आता तेच सर्रास मिळते. इथेनॉल पाणी शोषते, जुन्या रबराला मऊ किंवा चिरभेगाळ करते, टाकीतला जुना राळेसारखा थर सोडवून जेटमध्ये आणून टाकते, आणि त्यात स्वतःचे प्राणवायूचे अंश असल्याने मिश्रण पातळ पडते, म्हणजे इंजिन ओढताना अडखळते व अधिक तापते. यावर तीन-चार उपाय एकत्र करावे लागतात. टाकी उतरवून आतून धुऊन वाळवावी. पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्या. पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गास्केट-सुई नव्याने बसवावे. आणि मुख्य जेट एखाद्या मापाने मोठा घालून प्लगचा रंग पाहावा. प्लगचे टोक तपकिरी आले तर मिश्रण बरोबर, पांढरेफटक आले तर पातळ, काजळीने काळे झाले तर घट्ट. टाकीला गळती असल्यास तिच्यावर कोणत्याही ज्योतीने झाळकाम करू देऊ नये. रिकाम्या टाकीतील वाफच स्फोट करते, आणि असे अपघात गॅरेजांतून घडलेले आहेत. गाडी दोन-तीन महिने वापरायची नसेल तर टाकी व कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावे; उभे राहण्याचा दोष इथेनॉलने दुप्पट केला आहे.

उन्हाळ्यातील आणखी एक जुनी व्याधी म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पंप कोरडा पडणे. यांत्रिक पंप इंजिनलाच चिकटून असतो. भर दुपारी चहासाठी दहा मिनिटे थांबले की इंजिनाची उष्णता त्याच्यात उतरते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. जुने चालक पंपावर ओले फडके गुंडाळून वर पाण्याचे चार थेंब शिंपडीत आणि दोन मिनिटांत मार्गस्थ होत. तो उपाय आजही शास्त्रशुद्ध आहे. कायमचा उपाय म्हणून नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन चढवावे, आणि पंप व इंजिन यांच्यामधील जाड पॅकिंग हरवले असल्यास ते नक्की बसवावे.

विजेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. या गाडीचे विजेचे बहुतेक दोष दोषच नसतात. ते सैल किंवा गंजलेले 'अर्थ' असतात. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या पट्ट्या उघडून, घासून, पुन्हा आवळाव्यात; मंद दिवे, आळशी सेल्फ आणि चमत्कारिक मीटर यांपैकी पुष्कळ तक्रारी तेवढ्यानेच नाहीशा होतात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट घासून वा बदलून मापाची पत्ती घालून अंतर लावावे, आणि नवा कंडेन्सर घेतला तरी चांगला चाललेला जुना कंडेन्सर डिकीत जपून ठेवावा, कारण आजचा नवा माल कधी दगा देईल याचा भरवसा नाही. डायनामो असलेल्या गाडीत रात्री दिवे, वायपर आणि सावकाश चाल एकत्र आली की बॅटरी उतरते. रात्री नित्य प्रवास करणाऱ्याने अल्टरनेटर बसवला तर शुद्धतावाद्यांनी नाक मुरडू नये.

स्टेअरिंग आणि गिअर यांच्याकडे वळताना ग्रीसगन हाती घ्यावी. पुढील चाकांचे किंगपिन, कंट्रोल आर्मचे बुश आणि स्टेअरिंगचे सांधे हे ग्रीसवर जगतात, आणि आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तिची कानस होते. निपल आधी फडक्याने पुसूनच गन लावावी व जुने काळे ग्रीस बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत दाबत राहावे. निपल बंद असेल तर तो काढून नवा लावावा, पुढच्या वेळी पाहू असे म्हणू नये. जॅकवर चाक उचलून वरखाली हलवल्यास खडखड आली तर किंगपिनचा संच बदलण्याची वेळ झाली. स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा ही या गाडीची खासियत व तीच तिची खोडी; दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या कड्यांचे छोटे बुश झिजले की पहिला आणि रिव्हर्स एकमेकांत अडकतात, मग चालकाला भर चौकात उतरून, बोनेट उघडून, कडी हाताने सोडवावी लागते आणि मागच्या ट्रकवाल्याचे अभिप्राय ऐकावे लागतात. नवे बुश काही मोजक्या रुपयांचे असतात. त्याच सुमारास गाडीखाली जाऊन मागील प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग हलवून पाहावे. साठच्या वेगाला जमिनीतून येणारी घुमणारी थरथर बहुधा तेथूनच उठते.

पत्र्याबद्दल मात्र गंभीरपणे बोलले पाहिजे. १९५३ च्या ११०० पासून या गाडीला वेगळी चेसिस नाही. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून पायाखालचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा आणि मागील पाटे जेथे बॉडीला जोडले जातात ती ठिकाणे गंजली तर ती शोभेची हानी नसून बळाची हानी आहे. गालिचे व रबर उचलून लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने पत्रा टोचत जावे. टणक आवाज आला तर ठीक, टोक आत गेले तर तेथून पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत कापणे भाग आहे. त्यावर लांबी भरून रंग मारणारे पेंटर जागोजागी भेटतील, त्यांचे काम एका पावसाळ्याचे असते. गंजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करावा, सांध्याला प्रायमर लावावे, आणि पोकळ पट्ट्यांमध्ये छोट्या भोकांतून मेणमिश्रित तेल फवारावे. कारखान्याने ठेवलेली पाणी जाण्याची भोके बुजली असतील तर तीही मोकळी करावीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढून, गालिचे बाहेर ठेवून, पाण्याची बादली जवळ ठेवावी. रंग सर्वांत शेवटी, आणि शक्यतो मूळ छटेचाच.

काही तरुण मालकांना आपली फियाट पळवायची असते. शोलावरमची चित्रे पाहून दोन कार्ब्युरेटर, घासून उंच केलेले कॉम्प्रेशन, रुंद टायर आणि खाली बसवलेल्या स्प्रिंगा यांचे मनसुबे रचले जातात. या छंदाला माझा तात्त्विक विरोध नाही, पण शर्यतीच्या गाड्या प्रत्येक शर्यतीनंतर उघडल्या जात आणि धावपट्टीवर समोरून बैलगाडी येत नसे, हे स्मरणात ठेवावे. चाळीस अश्वशक्तीच्या हिशेबाने बनवलेले चार ड्रम दीडपट शक्तीला थोपवू शकत नाहीत. इंजिन मूळ मापावर ठेवून, ब्रेक, स्टेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायर निर्दोष केले तरी गाडी वळणावर पूर्वीसारखी चपळ होते. डिझेल इंजिन टाकणे किंवा घरगुती गॅसच्या सिलिंडरवर चालवणे या दोन्ही गोष्टींची चर्चाही करू नये. पहिलीत नोंदणीची अडचण व दुसरीत जिवाची.

सुटे भाग अजून मिळतात, परंतु शोधावे लागतात. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, ही त्यांची जुनी ठिकाणे. मुंबईच्या टॅक्सी गेल्याने मोठी मागणी आटली, त्यामुळे जे भाग नेहमी लागतात ते, म्हणजे ब्रेकची किटे, वॉटरपंप, पंपाचा पडदा, किंगपिन संच, गास्केटचा पूर्ण संच, एकदाच दोन-दोन घेऊन ठेवावेत. भाग घेताना जुना भाग बरोबर न्यावा आणि काउंटरवरच जुळवून पाहावा. 'फियाटचाच आहे' हे आश्वासन ऐकून हसनाबादला परतल्यावर तो एका सुताने मोठा निघाला तर पुन्हा गाडीभाडे कोण देणार? प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, वापरलेला भाग आणि रक्कम यांची नोंदवही ठेवावी. मिस्त्री बदलतात, स्मरणशक्ती पातळ होते, आणि पुढील दोष शोधताना मागील कामाची नोंद निम्मा वेळ वाचवते.

सर्व काम आटोपल्यावर गाडी एकदम संभाजीनगरला नेऊ नये. पहिली फेरी गावाच्या वेशीपर्यंत, दुसरी राजूरपर्यंत, तिसरी जालन्यापर्यंत, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी चारही ड्रमांना पंजाची मागील बाजू जवळ नेऊन उष्णता पाहावी. एक ड्रम इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापला असेल तर तेथला ब्रेक धरून राहतो आहे. बोनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का, पाण्याच्या होजला घाम फुटला आहे का, आणि गाडीखालच्या मातीत कोणत्या रंगाचा ठिपका पडला आहे, ते पाहावे. टायर चांगल्या नक्षीचा दिसला तरी त्याच्या बाजूवरील चार आकडी छाप वाचावी, ज्यातील पहिले दोन आकडे आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांपूर्वीचा टायर कितीही कोरा असला तरी काढून टाकावा, आणि स्टेपनीलाही हाच नियम लावावा. चारपाचशे किलोमीटर झाल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, हेडचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून टॅपेटचे अंतर माहितीपुस्तिकेबरहुकूम लावावे, नवे ऑइल घालावे, आणि त्यापुढे आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास, इंजिन पुरते तापेल अशी, चालवावी. पाच मिनिटे अंगणात सुरू ठेवून बंद केल्याने बॅटरी उतरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठते आणि ब्रेकना काहीच काम मिळत नाही.